ब्रेस्ट कॅन्सर आणि इम्युनिटी: शरीराची सिक्युरिटी कुठे फसते?

काढा प्या, इम्युनिटी वाढवा, कॅन्सर होणारच नाही, असे फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. आमच्या शिरड शहापूरकडच्या ग्रुपवर तर ते फिरतच असतात. पण इम्युनिटी म्हणजे काही फोनचा आवाज नाही, बटण दाबलं की वाढला! स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती नेमकं काय करते, ते बघूया.

पेशीतले जीन्स बिघडले की तिच्या पृष्ठभागावर प्रोटीनचे वेगळेच तुकडे दिसू लागतात. टी-पेशी ते ओळखून तिला मारतात. काही बिघडलेल्या पेशी मात्र उरतात, वर्षानुवर्षं दबून राहतात आणि त्यातल्या लपण्यात तरबेज असलेल्याच पुढे वाढतात. म्हणजे आपली सिक्युरिटीच नकळत हुशार चोर निवडून काढते.

टी-पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. तो नसता तर ती आपल्याच अवयवांवर तुटून पडली असती. कॅन्सरची पेशी पीडी-एल१ हे प्रोटीन पुढे करून नेमका हाच ब्रेक दाबते. शिवाय सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींनाही ती फितवते. मग त्याच गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. आता सांगा, वाढवायची ती कुठली इम्युनिटी?

पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्यासोबत नोबेल मिळालं. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध हा ब्रेक दाबूच देत नाही. हार्मोनची आणि हर-२ वरची औषधं जिथे चालत नाहीत, त्या ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात ते केमोसोबत देतात. खर्च मात्र लाखांत.

मग आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या ज्या थेरपीची बातमी आपण वाचली, तिचं काय? २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ मध्ये रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात. पण ती काही रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, स्तनाच्या नाही.

टाटा मेमोरियलचंच दुसरं काम आपल्या आई-मावशीच्या जास्त उपयोगाचं. १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाख महिलांवर त्यांनी अभ्यास केला. निम्म्या जणींची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. तपासणीच्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. या तपासणीला मशीन लागत नाही.