नव्या माशाचे ४९२ तास

भंडाऱ्याहून लाखनीकडे निघालं की वैनगंगेचा पूल लागतो, पलीकडे कारधा. समजा, तिथल्या एका घरात चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, म्हणून पाणी घरीच तयार होतं: आर.ओ.च्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ. आत दोन क्लाऊनफिश, दोन डॅमसल, थोडं कोरल, एक कोळंबी. टाकी काल्पनिक आहे. रोगाचं वेळापत्रक मात्र खरं.

४९२ तास उरले. रविवार, संध्याकाळ, ६.
नागपूरहून आणलेल्या ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून ब्लू टँग थेट मोठ्या टाकीत जातो. अंगावर एकही ठिपका नाही, खाणंही व्यवस्थित. पण त्याच्या कल्ल्यांच्या कातडीखाली क्रिप्टोकॅरियन इरिटन्स हा एकपेशी परजीवी बसलेला आहे. वेगळा टब, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पाइपचा तुकडा, एवढ्यावर महिनाभराचं क्वारंटाइन झालं असतं. परदेशातून येणाऱ्या वनामी कोळंबीच्या पैदासजोड्यांना सरकार चेन्नईच्या नीलांकराई केंद्रात अडवून ठेवतं. दिवाणखान्यातल्या टाकीला असा पहारेकरी नसतो. खरं तर घात इथेच झाला. पुढचं सगळं त्याचा हिशेब आहे.

४३४ तास उरले. बुधवार, पहाट, ४.
परजीवी पोट भरून माशाला सोडतात. त्यांना यासाठी अंधाराची वेळ सोयीची, त्यामुळे दिवा लावून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. काही तास ते तळाशी सरपटतात.

४२२ तास उरले. बुधवार, दुपार, ४.
वाळूवर आणि दगडांवर कोष चिकटले. कोषात एकाचे अनेक, दोनशेपर्यंतसुद्धा, होत जातात. या अवस्थेत औषध आत शिरत नाही. काही कोष तीन दिवसांत फुटतात, काही चार आठवडे थांबतात. घरमालक या आठवड्यात टँगचे फोटो काढतो.

२६७ तास उरले. पुढचा बुधवार, पहाट, ३.
कोष फुटले. पोहणाऱ्या पिल्लांकडे वेळ थोडा असतो; दिवसा-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरण. समुद्रात बहुतेकांच्या नशिबी तेच येतं. चारशे लिटरमध्ये मासा हाताशीच असतो.

२१४ तास उरले. शुक्रवार, सकाळ, ८.
टँग दगडाला अंग घासतो. त्याच्या आणि क्लाऊनफिशच्या अंगावर रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके. मित्र फोनवर सांगतो, "अरे, खडे मीठ टाक, हीटर वाढव." हा सल्ला गोड्या पाण्यातला. तिथे असेच ठिपके उठवणारा इक्थायोप्थिरियस निराळा जीव आहे आणि त्याला मीठ बाधतं. जो जीव समुद्राच्याच पाण्यातला, त्याला मिठाची भीती कशाला घालायची? त्याला खारटपणा निम्म्यावर आणलेला झोंबतो, पण तेवढ्याने कोरल आणि कोळंबीही संपतात.

१७० तास उरले. रविवार, पहाट, ४.
ठिपके गळून पडतात. सकाळी नऊला मालक पाहतो तर मासे स्वच्छ. लसूण चोळलेल्या खाद्याला श्रेय मिळतं. मला या सगळ्या घटनाक्रमात ही सकाळ सर्वांत घातक वाटते, कारण आज रिकाम्या टबात मासे हलवून तांब्याचं औषध, लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, रोज मोजून दोन-तीन आठवडे टिकवलं असतं तर अजून वेळ होता. मोठ्या टाकीत ते टाकून भागत नाही: कोळंबी मरते आणि चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात. पण मासे बरे दिसत असताना नवा टब कोण मांडेल?

५१ तास उरले. शुक्रवार, पहाट, ३.
दुसरी फळी बाहेर पडते, पहिलीच्या कैकपट. या खेपेला कल्ले भरतात.

८ तास उरले. शनिवार, रात्र, १०.
डॅमसल पंपाच्या धारेसमोर तोंड वासून उभे. खाणं कुणीच शिवत नाही. ठिपके फारसे दिसत नाहीत, म्हणून मालक पाणी तपासतो. अमोनिया शून्य. पाणी निर्दोष आहे, मासे गुदमरतायत.

शून्य. रविवार, सकाळ, ६.
दोन्ही डॅमसल आणि एक क्लाऊनफिश तळाशी, दुसरा दुपारपर्यंत जातो. टँग कदाचित वाचेलही. वाचलेल्या माशांना थोडी प्रतिकारशक्ती येते, आणि ते परजीवी अंगावर घेऊन दिसायला निरोगी राहू शकतात. या परजीवीला शास्त्रीय नाव १९५१ मध्ये मिळालं, मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय उघडलं त्याच वर्षी. त्याचं हे रहस्य नवं नाही.

आता टँग वेगळ्या टबात, औषधाखाली. कोरल आणि कोळंबी जागेवरच राहू द्यायची, परजीवी त्यांच्यावर जगत नाही. मोठ्या टाकीत निदान सहा आठवडे एकही मासा नको. सावध शौकीन ७६ दिवस मोजतात.