उवा वेचणारा मासा

मच्छीमार बंधूंनो, एकाच पिंजऱ्यात दोन जातींचे मासे ठेवले तर एक दुसऱ्याला खाईल, असंच आपण म्हणू. नॉर्वेत मात्र हे मुद्दाम केलं गेलं. त्याची हकीकत ऐका.

तिथल्या हित्रा बेटावर 1970 साली ग्रोंटवेट बंधूंनी समुद्रात तरंगता पिंजरा टाकून सामन मासा वाढवला. (हा आपला रावस नव्हे.) धंदा फोफावला. पण दाटीत वाढणाऱ्या माशांना समुद्री उवा लागल्या. त्या कातडी कुरतडतात, जखमा करतात. औषधं झाली, आपल्याकडे पिकांवर फवारलं जात असे ते डायक्लोरव्हॉससुद्धा वापरून झालं. पुढे उवा औषधाला दाद देईनात. कपाशीच्या बोंडअळीनं आपल्यालाही हेच दाखवलंय.

1980 च्या दशकाच्या अखेरीस बर्गनचे संशोधक ओस्मुंड ब्यूर्डाल यांनी किनाऱ्यावरचे छोटे रॅस मासे सामनच्या पिंजऱ्यात सोडून पाहिले. ते सामनच्या अंगावरच्या उवा टिपून खाऊ लागले! पण थंडी पडली की रॅस सुस्तावतो. म्हणून 2010 नंतर थंड पाण्यातही खाणारा लम्पफिश हॅचरीत तयार होऊ लागला.

एक गोष्ट दडवून चालणार नाही. हे सफाई करणारे मासे पिंजऱ्यात फार मरतात. 2018-19 च्या सरकारी पाहणीत सुमारे 40 टक्के मेल्याचं दिसलं. त्यांना लपायला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं बनावट शेवाळ सोडावं लागतं, खाणंही वेगळं द्यावं लागतं. आणि जाळं घासून स्वच्छ ठेवायचं. नाहीतर उवा सोडून ते जाळ्यावरचं शेवाळ-किडेच टिपत बसतात.