तुपाचे थेंब आणि बाटली क्रमांक ५३-एन

तुर्भ्याचा दाणा बाजार जन्माने तुर्भ्याचा नव्हे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे वाशी-तुर्भ्यास आले, तेव्हा धान्य आणि मसाल्याच्या पेढ्या मशीद बंदर-मांडवीच्या गल्ल्या सोडून आल्या. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांनी मुंबईतील प्लेगचे निदान केले ते याच मांडवीत. धान्याच्या वखारी, त्यांत उंदीर, आणि वखारींच्या माथ्यावर दाटीने राहणारी माणसे असा तो परिसर होता. आधी उंदीर मेले, मग माणसे. हा क्रम लोकांनी पाहिला होता. त्याचा अर्थ मात्र कोणाला लागला नव्हता.

रोगाचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी रोग्याच्या गाठीतून तो वेगळा केला. आखूड दंडगोल, टोके गोलसर. रंग दिला की दोन्ही टोके गडद आणि मध्य फिका दिसतो. त्याच साथीत जपानचे कितासातो हेही शोधाच्या शर्यतीत होते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. मूळचे ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले, पटकीची लस स्वतःवर टोचून पाहिलेले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना मिळाली एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई. लस करायची म्हणजे आधी जंतू वाढवायचे, आणि तेही शुद्ध. हवेत, हातांवर, धुळीत असंख्य जीवाणू असतात. त्यांतला एकही चंबूत शिरला तर लस कोणत्या रोगाची, हेच सांगता येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राचा पहिला धडा, शुद्ध संवर्धन, तो हाच.

हाफकिन यांची युक्ती स्वयंपाकघरातली वाटावी अशी होती. मांसरसाच्या चंबूत ते वर तुपाचे थेंब सोडत. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली वाढत आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे लटकत. चंबू अगदी स्थिर ठेवावा लागे. हलवला की सुळके गळून तळाशी बसत आणि वर नवे धरत. असे पीक अनेकदा घेतले जाई. त्यात दुहेरी लाभ होता: जंतू भरपूर मिळत, आणि ही लोंबती वाढ या जंतूची खूण असल्याने शुद्धतेची परीक्षाही आपोआप होई. मग तो रस सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बॉलिक आम्ल घालायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीर त्याला ओळखायला शिकते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, दोन-चार दिवसांत ओसरल्या. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस मिळाली, जवळपास तेवढेच विनालस राहिले. अन्न तेच, कोठड्या त्याच. विनालस कैद्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, दोघेही बरे झाले. कैद्यांची ‘स्वेच्छा’ किती स्वतंत्र होती, हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे. तुलनेसाठी विनालस गट ठेवण्याचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी होत नाही.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. पंजाबातून प्रचंड मागणी आली, तेव्हा काम वेगाने व्हावे म्हणून कार्बॉलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले.

येथे कितासातो पुन्हा येतात. धनुर्वाताचा जंतू शुद्ध रूपात प्रथम त्यांनीच, १८८९ मध्ये, मिळवला होता. मिश्र संवर्धन ८० अंशांवर तापवले की इतर जंतू मरतात आणि धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातील सुप्त पेशी, जिवंत राहतात. त्यांना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. म्हणजे प्लेगच्या जंतूला मारणारी उष्णता या बीजाणूंना पुरेशी नव्हती. परळवर आलेला संशय म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पण तेच शास्त्र दुसऱ्या बाजूनेही साक्ष देत होते. बीजाणू परळलाच शिरले असते, तर बंद बाटलीत काही आठवडे वाढून त्यांनी दुर्गंध सोडला असता, विष साठवले असते, आणि रोगी फार लवकर आजारी पडले असते. बाटली उघडताना वास आला नव्हता; लक्षणे सुमारे आठवड्याने दिसली. आणि बूच काढण्यापूर्वी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. माती हे धनुर्वाताच्या बीजाणूंचे घरच. रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. त्यांना पुन्हा काम मिळाले ते कलकत्त्यात, परळला नाही.

उंदरांचे कोडे दरम्यान पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत सोडवले होते: जंतू पिसवांमार्फत उंदराकडून माणसाकडे येतो. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधकांनी परळच्याच प्रयोगशाळेत ते पुन्हा सिद्ध केले. त्या प्रयोगशाळेला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव १९२५ मध्ये मिळाले. हाफकिन तेव्हा युरोपात होते.