पेन्सिलीने पुसलेल्या आठ्या

कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत रिटचिंगच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंतल्या ‘बोलक्या चेहऱ्यां’चं कोणी कौतुक करू लागलं, की मला हसू येतं. त्यातलं निम्मं बोलणं आम्हीच बंद केलेलं असायचं.

रिटचिंगचं टेबल म्हणजे उतरतं लाकडी डेस्क, मध्ये दुधी काच आणि खाली उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची. तिच्यात सगळं उलटं. कपाळ काळपट आणि सुरकुती म्हणजे पारदर्शक रेघ. आधी निगेटिव्हवर औषध चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. मग कठीण शिशाची, पॉलिशपेपरवर घासून टोक काढलेली पेन्सिल त्या रेघेत हलक्या हाताने फिरवायची. तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर सुरकुती फिकी पडते. डोळ्यांखालचं जागरण, देवीचे व्रण, ओठांच्या कडेची घडी, सगळं असंच जायचं. जास्त भरलं तर चेहरा मेणाचा. माझे उस्ताद म्हणायचे, वय कमी कर, माणूस कमी करू नकोस.

फोटोतली माणसं गंभीर का, याचं कारण यापेक्षा जुनं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ हसू टिकत नाही, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावून माणसाला ताठ बसवत. पुढे क्षणाच्या अंशात काम भागू लागलं, तरी गिऱ्हाईक ताठच बसायचं. फोटो म्हणजे इभ्रत! शिवाय जुन्या ऑर्थो फिल्मला लाल रंग दिसायचा नाही. कुंकू काजळासारखं काळं यायचं आणि ओठ आणखी मिटल्यासारखे दिसायचे.

हारातल्या फोटोंचं काम सगळ्यांत अवघड. माणूस गेलेला आणि फोटो एकच, तोही लग्नातल्या घोळक्यातला. नखाएवढा चेहरा कॉपी करून मोठा करायचा, अंगात ब्रशने कोट घालायचा. एकदा एका बाईंना असाच फोटो दिला. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “आमचं मालक असं शांत न्हवतं. कपाळावरची आठी कुठं गेली?” आठी मीच भरली होती. टर्पेंटाइनने पेन्सिल पुसली आणि नवी प्रिंट काढली. बाई पैसे मोजून गेल्या. एवढं समाधानी गिऱ्हाईक क्वचितच बघितलं.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचे फोटो बघताना मला ती आठी आठवते. विमानतळावर बहिणीला मिठी मारणाऱ्या नेहरूंचा त्यांचा फोटो घ्या. तिथे कोणी ताठ उभं नाही, कोणी लेन्सकडे बघत नाही. पण ती बातमीची फोटोग्राफी होती. गिऱ्हाइकाला पसंत पडायची अट तिला नव्हती. आमच्याकडे तो फोटो आला असता, तर ‘समोर बघा’ म्हणून आम्ही त्या भावाबहिणीला वेगळं उभं केलं असतं.

आमचं काम आधी 35 मिलिमीटरच्या फिल्मने कमी केलं. एवढ्याशा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवणार कुठे? राहिलेलं रंगीत लॅबने नेलं. जुन्या निगेटिव्ह चांदी काढणाऱ्यांनी किलोच्या भावाने उचलल्या, आठ्या असलेल्या आणि भरलेल्या एकाच दराने.