दुपारी दोनचा भोंगा

कारखान्याच्या भोंग्यावर आमचे अर्धे आयुष्य गेले; म्हणून मंडळी, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात एव्हरेट व सॉयर यांनी केलेला १९५० सालचा प्रयोग आम्हांस विशेष भावला. पांढऱ्या उंदरिणीचे ऋतुचक्र ४-५ दिवसांचे, हे लाँग व इव्हान्स यांनी १९२२ मध्येच दाखविले होते. पण बीज सोडण्याचा हुकूम कोणाचा? बीज सुटण्याच्या आदल्या दुपारी २ वाजता तिला गुंगीचे औषध दिले. त्या रात्री बीज सुटलेच नाही. सुटले ते २४ तास उशिरा. औषध ४ नंतर दिले, तर काहीच अडले नाही. म्हणजे हुकूम मेंदूचा. पियुषिका ग्रंथी तो संप्रेरकाच्या रूपाने रक्तातून पोहोचविते. मात्र बीजकोशाचे स्वतःचे संप्रेरक रक्तात पुरेसे चढले नसेल, तर २ वाजूनही हा भोंगा वाजत नाही.