अदन घेणारा कॅप्टन हेन्स

मराठी पुस्तकांतले एडन ते आपले उर्दूतले अदन. १९३२ पर्यंत या अरबी बंदराचा कारभार मुंबई सरकारकडे होता, असे वर्गात सांगितले की मुले नकाशा पुन्हा पाहतात. हा संबंध जोडला कॅप्टन स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्सने. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा हा अधिकारी. 'पॅलिन्युरस' जहाजावरून त्याने अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजून काढला होता. मुंबई–सुवेझ आगबोटींना वाटेत कोळसा भरायला जागा हवी होती आणि हेन्सची नजर अदनवर होती.

निमित्त मिळाले १८३७ मध्ये. इंग्रजी निशाणाचे 'दर्या दौलत' जहाज अदनजवळ फुटले. त्यावर हजचे यात्रेकरू होते. किनाऱ्यावरच्यांनी त्यांना लुटले, बायकांनाही सोडले नाही. लुटणारे मुसलमान आणि लुटले गेलेलेही मुसलमान. हे झाकण्यात अर्थ नाही. पण कंपनी नुसती भरपाई मागून थांबली नाही. लहेजच्या सुलतान मोहसिनकडे तिने बंदरच मागितले. वर्षाला ८,७०० रियालवर बोलणी आली, मग बिनसली. १९ जानेवारी १८३९ रोजी तोफा डागून अदन घेतले. हाजींचे दुःख कोळशाच्या कामी आले, असेच मी म्हणेन.

पुढची पंधरा वर्षे हेन्स तिथला पोलिटिकल एजंट. अरबांचे हल्ले त्याने परतवले, पडक्या गावाचे गजबजलेले बंदर केले. हिशेब मात्र ढिला. हाताखाली पुरेसे कारकून नव्हते. मागूनही मिळत नव्हते. १८५४ मध्ये खजिन्यात सुमारे २८ हजार पौंडांची तूट निघाली. मुंबईत अफरातफरीचे खटले झाले, ज्युरीने दोन्ही वेळा निर्दोष सोडले. तरी रक्कम येणे म्हणून कंपनीने त्याला कर्जदारांच्या तुरुंगात सहा वर्षे ठेवले. बंदर घेतल्याबद्दल खटला कधीच नव्हता, तुटीबद्दल मात्र दोनदा!

१८६० मध्ये गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी त्याला सोडले. तोवर प्रकृती पार खचली होती. मायदेशी नेणाऱ्या जहाजावर चढवले, पण ते मुंबई बंदरात असतानाच १६ जूनला तो वारला.