तारखा नसलेली रोजनिशी

पहिल्या महायुद्धाचे साहित्य म्हटले की आपल्या वर्गांतून खंदक, चिखल आणि खंदकातले कवी एवढेच समोर येते. त्या खंदकातून उचललेला माणूस पुढे जिथे नेला जातो, त्या मायदेशीच्या रुग्णालयाकडे आपण क्वचितच वळतो. एनिड बॅगनोल्ड यांचे ‘अ डायरी विदाउट डेट्स’ (१९१८) हे छोटेखानी पुस्तक अशाच एका रुग्णालयात घडले.

बॅगनोल्ड यांचा जन्म १८८९चा. वडील लष्करात कर्नल. स्वतः त्या वॉल्टर सिकर्टकडे चित्रकला शिकलेल्या. युद्धकाळात त्या लंडनजवळच्या वुलिच येथील रॉयल हर्बर्ट या लष्करी रुग्णालयात व्ही.ए.डी. म्हणून काम करू लागल्या. व्ही.ए.डी. म्हणजे १९०९ साली उभारलेल्या स्वयंसेवी पथकांतल्या परिचारिका. बहुतेक सुखवस्तू घरांतल्या, जुजबी प्रशिक्षण घेतलेल्या. शुश्रूषेपेक्षा हरकामच त्यांच्या वाट्याला अधिक येई.

रोजनिशीतला आम्हाला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग याच हरकामाचा आहे. जेवणाचे ट्रे मांडायचे आहेत. ट्रे पासष्ट, प्रत्येकावर तेरा वस्तू. म्हणजे एकूण आठशे पंचेचाळीस. त्या गोळा करायच्या, मांडायच्या, सरळ रेषेत आणायच्या. तासभर जातो. गुळगुळीत धातूवर सुऱ्या स्थिर राहत नाहीत, बोट काढताच फिरतात, आणि लेखिकेला सुऱ्यांचाच राग येऊ लागतो. जखमा, रक्त, मृत्यू हे सारे पुस्तकात आहे. पण युद्ध सुरू असताना एक तरुण मुलगी सुऱ्यांवर रुसते, हे लिहून ठेवायला वेगळेच धैर्य लागते. त्यात वीरश्री नाही, करुणाही नाही.

एवढा काटेकोर हिशेब ठेवणारी ही बाई तारीख मात्र एकदाही घालत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हा दोष वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. वॉर्डात काळ मोजला जातो तो पाळ्यांनी आणि जेवणाच्या ट्रेंनी. रुग्णाशी ओळख वाढते न वाढते तोच त्याला दुसरीकडे हलवले जाते. रिकाम्या खाटेवर नवा माणूस येतो. लढाया बाहेर होत असतात, त्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात. आत पोहोचतात ती फक्त शरीरे. व्हेरा ब्रिटन यांनीही १९१५-१६मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल येथील लष्करी रुग्णालयात हेच काम केले होते. पण त्यांचे ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ १९३३ साली आले. मधल्या वर्षांनी त्या अनुभवाला क्रम दिला, अर्थ दिला. बॅगनोल्ड यांच्याकडे हे अंतर नाही. शेजारच्याच्या वेदनेत आपल्याला शिरता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती नीट आठवतही नाही, हे त्या जवळजवळ अपराधी भावनेने नोंदवतात. ब्रिटन यांचे पुस्तक थोर खरेच, पण वॉर्डाचा श्वास आम्हाला इथे अधिक ऐकू येतो.

प्रशिक्षित सिस्टरांविषयी मात्र लेखिका नेहमीच न्यायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिला त्यांच्या शिस्तीत कोरडेपणा दिसतो. पण या बायका तेव्हा आपल्या व्यवसायाला कायद्याची मान्यता मिळावी म्हणून झगडत होत्या. नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला. हौसेने आलेल्या, मन विटले तर परत जाऊ शकणाऱ्या मुलींविषयी त्यांना धास्ती वाटली, तर त्यात नवल काय? रोज तेच दुःख पाहणाऱ्याने कोरडे व्हायचे नाही तर टिकायचे कसे, हा प्रश्न लेखिकेलाही पडतो. उत्तर तिच्याकडेही नाही.

१९१८ साली पुस्तक छापून आले आणि लष्करी शिस्त मोडल्याचा ठपका ठेवून बॅगनोल्ड यांना रुग्णालयातून काढून टाकण्यात आले. रोजनिशीत तारीख नव्हती, रुग्णालयाला ती गरज भासली नाही. वर्णन आपलेच आहे हे त्यांनी ओळखले. पुढे त्या वाहनचालक म्हणून फ्रान्समध्ये गेल्या, आणि त्या दिवसांवरची ‘द हॅपी फॉरिनर’ ही कादंबरी १९२० साली प्रसिद्ध झाली.